चालते झाड आणि माउस धरणारा हात

हरभऱ्याच्या झाडावर चढलेला मनुष्य कधी आणि कसा खाली येईल, हे सांगता येत नाही. माझा नातू मात्र राजरोस झाडावर स्वार होऊन हिंडतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा २००४ सालापासून चालत आलेला संगणकावरील खेळ. त्यातील योद्ध्यांना घोडे, लांडगे, पक्षी अशी नाना वाहने मिळतात. एकदा नवे वाहन कोणते असावे, यासाठी खेळाडूंचेच मतदान घेतले गेले. सुरवंट, उडता ग्रंथ असे उमेदवार असताना निवडून आले ते एक चालते, वृद्ध झाड!

अशा वाहनावर विनोद होणारच, आणि तेही लाकडीच. इंग्रजीत ‘बार्क’ म्हणजे साल आणि भुंकणेही. म्हणून हे वाहन भुंकते, पण चावत नाही. ‘लॉग’ म्हणजे ओंडका. म्हणून खेळात ‘लॉग इन’ झाल्यावाचून झाड मिळत नाही. मी त्याला सांगितले, की आपली मराठीही या बाबतीत मागे नाही. झाडाला खोड असते आणि नातवालाही खोड असते. झाडाची जाग्यावर राहते, नातवाची जाता जात नाही. शिवाय मी सारी नोकरी या शाखेवरून त्या शाखेवर जाण्यात घालवली, तरी मला कोणी माकड म्हटले नाही!

हसणे ओसरल्यावर त्याने विचारले, “आजोबा, पाठशाळेत झाड एकेंद्रिय आणि स्थावर म्हणून शिकवतात. माझे झाड तर चालते. मग ते त्रस झाले का?”

पडद्यावरच्या चित्रात जीव नाही, हे उत्तर सोपे होते. पण खेळणाऱ्यात जीव आहे आणि त्याला भावही आहेत. म्हणून मी त्याला त्याच्याच खेळाचा इतिहास विचारला. या मालिकेच्या १९९४ सालच्या पहिल्या खेळात इमारतींसाठी लाकूड लागे. मजूर कुऱ्हाडी चालवीत आणि पडद्यावरचे रान उजाड होई. २००२ सालच्या तिसऱ्या खेळात मात्र एका वनवासी जमातीचे तेजोगोल झाडाभोवती फिरून लाकूड मिळवतात; झाड उभेच राहते.

मग जांभळाच्या झाडाखालील सहा भुकेल्या वाटसरूंची कथा निघाली. एक मुळापासून झाड तोडू म्हणतो, दुसरा मोठ्या फांद्या, तिसरा डहाळ्या, चौथा घोस, पाचवा केवळ पिकलेली फळे. सहावा खाली पडलेली वेचतो. भूक सहाही जणांची सारखीच, लेश्या मात्र कृष्णापासून शुक्लापर्यंत निराळ्या.

“म्हणजे पहिल्या खेळातले मजूर कृष्ण लेश्येचे?” नातवाने विचारले.

“मजुरांना हुकूम कोण देतो? माउस कोणाच्या हातात असतो?”

तो गप्प झाला. हा प्रश्न त्याच्यापुरताच नाही. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आणि अंगारकर्म येतात. आपण व्यापारी माणसे; कुऱ्हाड क्वचितच आपल्या हाती असते. मागणी नोंदवणारा, भांडवल पुरवणारा, कर्जाच्या कागदावर सही करणारा, हे सारे झाडापासून दूर बसलेले असतात. पण अंतर वाढल्याने अनुमोदना कमी होत नाही.

मुलांच्या खेळांना नाके मुरडण्यापूर्वी त्यांच्या जवळ बसून एकदा हसून पाहावे. हसण्याच्या ओलाव्यात प्रश्न उगवतात, आणि पाठशाळेत ऐकलेले शब्द तिथेच मूळ धरतात.