पणजीचा नदीकांठ व द्यूताचा कायदा

गोमंतकांत जाणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबांचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. प्रथम मंगेशी, म्हार्दोळ व कवळें येथील देवदर्शन, मग जुन्या गोव्यांतील भव्य चर्चें, आणि शेवटीं एखाद्या सायंकाळीं मिरामारचा किनारा. या मार्गांत पणजीचा नदीकांठ ओघानेंच येतो. परंतु तेथें जें दिसतें त्याचा अर्थ घरांतील वडील मंडळी मुलांस सहसा सांगत नाहींत. गेल्या हिवाळ्यांत आम्ही आठ दिवस पणजीस राहिलों, त्या वेळीं या विषयाची आम्हीं थोडी चौकशी केली व परत आल्यावर कायदेही चाळून पाहिले. त्याचें सार वाचकांपुढें ठेवीत आहों.

जुन्या सचिवालयाची इमारत, म्हणजे मूळचा आदिलशहाचा वाडा, मांडवी नदीकडे तोंड करून उभी आहे. शेजारींच आबे फारिया यांचा पुतळा आहे. १७५६ सालीं कांदोळी गांवीं जन्मलेल्या या गोमंतकीय धर्मगुरूंनीं मोहनिद्रेच्या शास्त्रांत थेट पॅरिसमध्यें नांव मिळविलें. पुतळ्यांत ते एका स्त्रीवर मोहनिद्रेचा प्रयोग करीत आहेत असें दाखविलें आहे. तेथून नदीकडे दृष्टि वळविली कीं प्रवाहांत नांगरलेलीं पांचसहा मोठीं जहाजें दिसतात. दिवसां त्यांच्याकडे फारसें लक्ष जात नाहीं. परंतु दिवेलागणी झाली कीं त्यांवरील रंगीबेरंगी झगमगाट पाण्यांत उतरतो, आणि पैलतीरावरील बेती गांवचे दिवे त्यापुढें फिके पडतात. धक्क्यावरून लहान होड्या उतारूंस जहाजाकडे नेतात. हीं जहाजें प्रवासाचीं नव्हेत. तीं द्यूतगृहें होत. कॅसिनो म्हणून सर्वांस ठाऊक आहेत तींच हीं.

राज्यघटनेनें पैज व जुगार हा विषय राज्यांच्या अधिकारांत ठेवला आहे. म्हणून सावंतवाडी मागें टाकून पत्रादेवीचा नाका ओलांडला कीं कायदा बदलतो. महाराष्ट्रांत १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा अद्यापि चालू आहे. सरकारी लॉटरी व परवान्यानें चालणारी घोड्यांच्या शर्यतींवरील पैज, एवढेच काय ते येथील मुख्य अपवाद. कॅसिनोस परवानगी देणारा एक कायदा महाराष्ट्रानें १९७६ सालीं केला खरा, पण तो कधींच अंमलांत आला नाहीं. ४७ वर्षें कागदावर राहून २०२३ सालीं तो रद्द झाला. योगायोग असा कीं त्याच १९७६ सालीं गोवा, दमण व दीव या प्रदेशाकरितां सार्वजनिक जुगाराचा कायदा झाला, आणि तो मात्र जुगार बंद करण्यासाठीं होता. पुढें त्या भिंतीस दोन खिडक्या पाडण्यांत आल्या. १९९२ च्या दुरुस्तीनें पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांस मुभा मिळाली, आणि १९९६ च्या दुरुस्तीनें किनाऱ्यापासून दूर असलेल्या जहाजांवर पत्ते, चक्र इत्यादि मेजावरील खेळांस. याप्रमाणें यंत्राचा खेळ जमिनीवर आणि माणसानें पत्ते वांटावयाचा खेळ पाण्यावर, असा विलक्षण भेद निर्माण झाला. कायद्याची भाषा दूरच्या जहाजांची आहे. प्रत्यक्षांत तीं शहराच्या दारांतच उभीं आहेत. आणि गल्लींत मटक्याचा आंकडा लावणारा गरीब मात्र त्याच कायद्यानें गुन्हेगार ठरतो.

राजानें द्यूत मोडून काढावें कीं नियमांत ठेवावें, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. मनूनें द्यूतास उघड चोरी मानून राजानें तें राज्यांतून हद्दपार करावें असें सांगितलें. कौटिल्याचा मार्ग निराळा. द्यूताध्यक्षानें सर्व खेळ एकाच जागीं चालवावा, अन्यत्र खेळणारास १२ पणांचा दंड करावा, आणि जिंकलेल्या रकमेंतून शेंकडा ५ घ्यावे, अशी त्याची व्यवस्था. गोवा सरकार कौटिल्याच्या वाटेनें गेलें आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. परवान्याच्या शुल्कापोटीं सरकारास वर्षास कोट्यवधि रुपये मिळतात, अनेक घरांच्या चुली या धंद्यावर पेटतात, हें आम्ही नाकारीत नाहीं.

पण हा पैसा येतो कोठून, याचें गणित शाळेंतील मुलासही समजेल. शून्यापासून ३६ पर्यंत अंकांचीं ३७ घरें असलेलें चक्र घ्या. एका अंकावर लावलेला रुपया लागला तर ३५ रुपये नफा व मूळचा १, असे ३६ हातीं येतात. आतां प्रत्येक घरावर एकेक रुपया लावा. ३७ गेले, ३६ आले. म्हणजे कोणीही लबाडी न करतां, शंभर रुपयांमागें सरासरी २ रुपये ७० पैसे दर फेरीस चालकाकडे जातात. एका फेरींत दैव हात देतें. शेंकडों फेऱ्यांनंतर गणितच उरतें. शिवाय कर निराळाच. ऑक्टोबर २०२३ पासून तो पूर्ण दर्शनी रकमेवर शेंकडा २८ होता. सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा ४० झाला आहे.

आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटला तो नियम प्रवेशाचा. २१ वर्षांखालील कोणासही तेथें मज्जाव आहे, हें योग्यच. परंतु १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोमंतकीय रहिवाशांसही खेळाच्या दालनांत बंदी अंमलांत आली. नोकरीसाठीं जाणाऱ्यांस तेवढी मोकळीक. ज्या वस्तूचें उत्पन्न सरकार घेतें, तीच आपल्या प्रजेच्या ओंठांस लागूं देत नाहीं! यांत दांभिकपणा आहे असें कोणी म्हणतील. आमच्या मतें यांत एक प्रामाणिक कबुली आहे. द्यूतानें घर बुडतें हें शासनकर्त्यांस पक्कें ठाऊक आहे. मात्र त्यांनीं राखलें आहे तें गोमंतकीयाचें घर. पुण्याचें, नागपूरचें किंवा बेळगांवचें घर राखण्याची जबाबदारी त्यांच्यावर नाहीं. ती आपल्यावर आहे.

आणि ती पार पाडण्यास कायद्याचें साह्य फार थोडें. बापाचें द्यूताचें ऋण मुलानें फेडूं नये असें मनूनें सांगून ठेवलें; १८७२ च्या करार कायद्याचें ३० वें कलमही पैजेचा करार निरर्थक मानतें. पण ही ढाल उधारीपुरती. जहाजावर रोख मोजून गेलेला पैसा कोणतेंही न्यायालय परत आणीत नाहीं. २०२५ सालीं संसदेनें पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो स्तुत्य आहे. तथापि मुलाच्या खिशांतील दूरध्वनीवर दिवसरात्र पहारा कोणता शिपाई करणार?

कौरवसभेंत द्रौपदीनें विचारलेला प्रश्न येथें आठवावा. जो आधीं स्वतःस हरला, त्यास दुसऱ्यास पणास लावण्याचा अधिकार कसा? भीष्मांसारख्या धर्मज्ञासही त्याचें निश्चित उत्तर देतां आलें नाहीं. एकत्र कुटुंबांत हा प्रश्न रोजचा आहे. मेजावर पडणारा रुपया एकट्याचा कधींच नसतो. त्यांत आईचें औषध असतें, पुतण्याची फी असते, बहिणीचें माहेरपण असतें. म्हणून मुलें मित्रांबरोबर गोव्यास निघालीं तर त्यांस अडवूं नये. देवळें, नदी, समुद्र सर्व पाहूं द्यावें; त्या दिव्यांच्या जहाजांविषयीं मौन मात्र पाळूं नये. निघण्यापूर्वीं त्यांस शेजारीं बसवून ३७ घरांचें गणित त्यांच्याच हातून कागदावर मांडवून घ्यावें, आणि द्रौपदीचा प्रश्न सांगावा. एवढी शिदोरी बरोबर असली म्हणजे धक्क्यावर उभें राहून तीं जहाजें पाहण्यास आमची हरकत नाहीं.