झिपऱ्या गाई

स्कॉटलंडच्या स्काय बेटावर पावसाला सुटी ठाऊक नाही, आणि वारा छत्री उलटी करूनच ओळख करून घेतो. तिथल्या कुरणांत तांबूस, झिपऱ्या हायलंड गाई निवांत रवंथ करीत उभ्या असतात. कपाळावरची झुलपे थेट डोळ्यांवर! आपल्याकडच्या कुठल्याही आईचा हात शिवशिवेल: ‘अगं, दिसतं तरी का तुला?’

पण तिथे कात्री चालवणे म्हणजे क्रौर्यच. अंगावरचा कोट दुहेरी असतो: आत मऊ लव, बाहेर फूटभर लांब, तेलकट केस. पाणी वरच्यावर ओघळते, ऊब आत राहते. म्हणून कातडीखाली चरबीचा जाड थर लागत नाही. उन्हाळ्यापूर्वी बरेचसे केस आपणहून झडतात. झुलपे मात्र तेव्हाही हवीतच, कारण चिलटांचे थवे डोळ्यांवर येतात आणि शेपूट काही तिथवर पोचत नाही.