भातुकलीतला मी

आमची नात चार वर्षांची. परवा ती गॅलरीत भातुकली मांडून बसली होती आणि मी वर्तमानपत्राआडून ऐकत होतो. बाहुलीने भात सांडला असावा, कारण एकाएकी आवाज चढला, "पुन्हा सांडलंस तर दाराबाहेर उभी करीन! रडायचं नाही! पाच म्हणायच्या आत गप्प!"

मी दचकलो. शब्द माझे होते. पण तिच्यासमोर मी ते कधीच उच्चारले नव्हते. आजोबा झाल्यावर माणसाचे लोणी होते! ते तिच्या बापाकडून आले होते, आणि त्याच्याकडे १९८८ सालच्या गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांतून.

आमचे चिरंजीव तेव्हा कोणाच्या अध्यात ना मध्यात असत. चाळीतली पोरे अंगणात लगोरी खेळत आणि हे कठड्याला टेकून पाहत. कोणी खेळणे हिसकावले तर मुकाट्याने देऊन टाकीत. पाहुणे म्हणत, "काय हो वळण!" मी मिशीत हसत असे.

डायना बॉमरिंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्कले येथे बालवाडीच्या वयाची मुले व त्यांचे आईबाप जवळून पाहून १९६७ साली एक निबंध लिहिला. शिस्त ठेवणारे, पण मायेने वागून कारण समजावणारे आईबाप असले की मुले स्वावलंबी, सवंगड्यांत रमणारी दिसली. नुसत्या धाकातली मुले कष्टी आणि बुजरी. (मोकाट सोडलेल्यांनाही बाईंनी चांगले गुण दिलेले नाहीत, हे आमच्या सौ.च्या नजरेस मी मुद्दाम आणले.) मुलांचा स्वभावही आईबापांना घडवतो, असे पुढच्या अभ्यासकांनी बजावले आहे. ते वाचून बरे वाटले. पण फार वेळ नाही.

कारण त्याच आठवड्यात बालवाडीतल्या बाईंचा निरोप आला होता: आपली मुलगी लहान मुलांना भिंतीकडे तोंड करून उभी करते, म्हणून तिच्याशी कोणी खेळत नाही. बापाने कठड्याला टेकून काढले, लेक आता एकटी भिंतीपाशी!

रात्री जेवताना तिच्या हातून दुधाचा पेला लवंडला. चिरंजीवांचा आवाज चढला, "एक... दोन... तीन..."

आणि तो थांबला. माझ्याकडे पाहत हळूच म्हणाला, "बाबा, पाचानंतर काय व्हायचं, ते मला अजून आठवतं."

"मलाही," मी म्हणालो. "चुकलंच माझं."

कोणीच काही बोलेना, तेव्हा नातीनेच भीत भीत "चार" म्हणून टाकले. मी फडके आणायला उठलो.