युद्धचित्रांतील जर्मन शिपाई

गेल्या श्रावणांत आमच्या नातीस शाळेंतून एक चित्र काढून आणावयास सांगितलें होतें. विषय दुसरें महायुद्ध. आमचें घर यवतमाळच्या जुन्या वस्तींतलें, तीन भावांचें एकत्र बिऱ्हाड. त्यामुळें एखादें मूल माजघरांत रंग घेऊन बसलें कीं पांच मोठीं माणसें सल्ला देण्यास भोंवतीं जमतात. चित्र झालें. एक धिप्पाड शिपाई, ओठांबाहेर आलेले सुळे, बोटांतून गळणारें रक्त, डोक्यावर भाल्याच्या टोंकाचें शिरस्त्राण, आणि दंडावर स्वस्तिक. त्याच्या पायांखालीं एक लहानशी बाई. तिच्या पदरावर 'पोलंड' अशीं अक्षरें. पोरीनें विचारिलें, "आजोबा, आजी रोज उंबरठ्याशीं काढते तेंच याच्या हातावर कां?"

सु आणि अस्ति मिळून स्वस्ति, आणि तें ज्याच्या योगानें होतें तें स्वस्तिक, हें आम्हीं तिला सांगितलें. जर्मनीच्या त्या पक्षानें आपल्या चिन्हास हें नांव दिलेलेंच नव्हतें. त्यांच्या भाषेंत त्याला आंकड्यांचा क्रूस अशा अर्थाचा शब्द आहे. नांव निराळें, परंतु आकृति तीच, आणि लहान मुलाचा डोळा आकृति पाहतो. पोरीचें पुरतें समाधान झालें नाहीं. खरें सांगावयाचें तर आमचेंही झालें नाहीं.

दुसरी गोष्ट शिरस्त्राणाची. तें टोंकाचें शिरस्त्राण पहिल्या महायुद्धांतलें. १९१६ पासून जर्मन फौजेनें तें टाकून पोलादी टोप घेतला. म्हणजे आमच्या नातीच्या शिपायाचें डोकें एका युद्धांतलें व दंड दुसऱ्या युद्धांतला होता. शोध केला तेव्हां कळलें कीं, बापाच्या मोबाइलवर तिनें एक जुनें अमेरिकन भित्तिचित्र पाहिलें होतें. १९१७ च्या सुमाराचें हें चित्र हॉप्स नांवाच्या चित्रकाराचें. त्यांत जर्मन हा मनुष्यच नाहीं. तो टोंकाचें शिरस्त्राण घातलेला एक प्रचंड वानर आहे. एका हातांत सोटा, दुसऱ्या हातांत उचललेली एक अर्धवस्त्र तरुणी, पाठीमागें समुद्रापलीकडे उद्ध्वस्त युरोप, आणि पाय अमेरिकेच्या किनाऱ्यावर. शंभरांवर वर्षें लोटलीं, तरी तो वानर यवतमाळच्या माजघरापर्यंत चालत आला याचें आम्हांस मोठें नवल वाटलें.

त्या चित्रांमागें सत्य नव्हतें असें मात्र कोणीं समजूं नये. १९१४ च्या ऑगस्टांत जर्मन फौजा बेल्जियममध्यें शिरल्या. लूव्हेन येथील विद्यापीठाचा पुरातन ग्रंथसंग्रह त्यांनीं जाळला, आणि साडेपांच हजारांच्या आसपास निःशस्त्र बेल्जियन माणसें मारलीं. ज्याला पोथ्यांची किंमत कळते त्याला या पहिल्या बातमीनेंच गलबलून यावें. परंतु चित्रकारांस व वार्ताहरांस तेवढ्यानें भागेना. जर्मन शिपाई तान्ह्या मुलांचे हात मनगटापासून तोडतात, अशी हूल उठली. तिचीं चित्रें निघालीं. १९१५ च्या मे महिन्यांत विलायतेंत लॉर्ड ब्राइस यांच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत खऱ्या हकीकतींबरोबर शपथेवांचून घेतलेल्या ऐकीव साक्षीही छापल्या गेल्या. युद्ध संपल्यावर त्या तोडलेल्या हातांचा शोध झाला, तेव्हां पुरावा कांहींच मिळाला नाहीं.

जिंकलेला देश कसा दाखवावा, याच्याही दोनतीन ठरीव तऱ्हा होत्या. विलायती 'पंच' पत्रांत १९१४ सालीं टाउनसेंडनें बेल्जियमला कुंपणाच्या फाटकाशीं काठी घेऊन उभा असलेला लहान मुलगा केलें, आणि जर्मनीला त्याच्या अंगावर येणारा एक जाडजूड म्हातारा. पुढें मुलगा गेला आणि मुलगी आली. तिला केंसांस धरून ओढणारा शिपाई आला. देश म्हणजे अबला, देश म्हणजे अजाण पोर. त्या देशाला स्वतःची जीभ आहे, त्याच्याही हातून कांहीं बरेंवाईट घडलेलें आहे, हें या चित्रांत मावत नाहीं. याच बेल्जियमचा राजा लिओपोल्ड १९०८ पर्यंत आफ्रिकेंतील कांगोचा खासगी धनी होता. आणि त्या कांगोंत रबरासाठीं लोकांचे हात खरोखरच तोडले जात होते. ॲलिस हॅरिस या मिशनरी बाईनें त्यांचीं छायाचित्रें घेऊन ठेविलीं आहेत. खोट्या हातांसाठीं सारें जग रडलें आणि खरे हात विसरलें. हें विषयांतर वाचक क्षमा करतील, पण येथें तें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

शत्रूला राक्षस करणें आम्हां भारतीयांस कांहीं नवीन नाहीं. परंतु आदिकवीचें मन पाहावें. सुंदरकांडांत हनुमान बांधलेल्या स्थितींत रावणापुढें उभा राहतो, आणि त्याची पहिली भावना आश्चर्याची आहे: काय हें रूप, काय हें धैर्य, काय हें तेज! एवढा अधर्म याच्या ठायीं नसता तर हा देवलोकाचाही रक्षक झाला असता, असें शत्रूचा दूत मनांत म्हणतो. वाल्मीकींस रावण वधावयाचाच होता. तरी त्यांनीं त्याला माणसाच्या मापानें मोठा केला व मग वधला. सुळे काढणें सोपें असतें. आमच्या नातीलाही तें साधलें.

दुसऱ्या युद्धांत चित्रें हलूं व बोलूं लागलीं, आणि कारागिरीही वाढली. १९४२ च्या 'कॅसाब्लान्का' चित्रपटांतला मेजर स्ट्रासर पाहावा. सुळे नाहींत, वानर नाहीं; इस्त्रीचा गणवेष, गोड बोलणें, आणि थंड डोळे. हा मेजर ज्यानें वठविला तो कॉनराड फाइट स्वतः जर्मन होता. पत्नी ज्यू असल्यामुळें १९३३ सालीं तो देश सोडून गेला होता. याच फाइटनें १९२१ च्या एका जर्मन चित्रपटांत हिंदुस्थानच्या एका क्रूर महाराजाचें काम केलें होतें. ज्यानें आमचा खोटा राजा रंगविला त्यालाच पुढें आपल्या देशाचा खरा जुलमी रंगवावा लागला, हा योग विचित्रच. मुंबईंतही असाच एक जर्मन होता. रुडॉल्फ फॉन लायडेन हा १९३३ सालीं तेथें आला, आणि पुढें 'डेनली' या नांवानें वृत्तपत्रांसाठीं व्यंगचित्रें काढूं लागला. उलट, बाँबे टॉकीजसाठीं 'अछूत कन्या' दिग्दर्शित करणारा फ्रान्झ ऑस्टेन नाझी पक्षाचा सभासद होता. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच सरकारनें त्याला व त्याचा छायाचित्रकार योसेफ विर्शिंग याला पकडलें. विर्शिंग युद्धभर बंदिवासांत राहिला, सुटल्यावर पुन्हा मुंबईस आला, आणि 'महल' चित्रपटांतल्या सावल्या त्यानेंच टिपल्या. पडद्यावरील जर्मनाकडे पाहून दांतओठ खाणाऱ्या कित्येकांनीं 'अछूत कन्या' पाहतांना डोळे पुसले होते, पण ते कोणाच्या डोळ्यांनीं पाहत होते हें त्यांस ठाऊक नव्हतें.

आतां आमच्या घरच्या गोष्टीकडे वळतों.

१९४३ सालीं मध्यप्रांत व वऱ्हाडांत, तसेंच साऱ्या हिंदुस्थानांत, प्रत्येक सिनेमागृहास सरकारमान्य चित्रफीत दाखविणें हिंदुस्थान संरक्षण कायद्याच्या नियमांनीं सक्तीचें झालें. दर खेळांत दोन हजार फुटांपर्यंत असा तो दंडक. 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' या सरकारी खात्याचे लघुपट व 'इंडियन न्यूज परेड' हें वार्तापत्र आधीं सोसावें, मग खेळ पाहावा. आमचे वडील तेव्हां सतरा वर्षांचे, मॅट्रिकच्या वर्गांत होते. एका रात्रीं ते शेजारच्या मित्राबरोबर खेळास गेले. पडद्यावर युरोपांतलें एक जळालेलें खेडें आलें. धुरांड्यांचे उभे खांब, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, आणि दुरून चालत जाणारी जर्मन शिपायांची रांग. इंग्रजी निवेदक सांगत होता कीं, परकी सत्ता गांवांत शिरली म्हणजे काय होतें तें पाहा. तेवढ्यांत अंधारांतून वडिलांच्या अगदीं कानाशीं आवाज आला, "चिमूर!"

चिमूर तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतलें. आमच्या वणीवरून वर्धा नदी ओलांडली कीं तो जिल्हा लागतो. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. पोलिसांनीं तेथें जमावावर गोळ्या चालविल्या. जमाव खवळला, आणि कांहीं सरकारी अधिकारी व शिपाई त्याच्या हातून मारले गेले. हेंही सांगितलें पाहिजे. त्यानंतर फौज आली. घरें लुटलीं गेलीं, पुरुष धरून नेले, आणि मागें राहिलेल्या स्त्रियांची विटंबना झाली. सरकारनें चौकशी नाकारली. सेवाग्रामचे प्राध्यापक भणसाळी यांनीं चौकशीसाठीं उपोषण मांडलें. तत्पूर्वीं ते दिल्लीस आमच्या यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे यांच्या दारीं जाऊन बसले होते, कारण बापूजी त्या वेळीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत होते. उपोषण ६३ दिवस चाललें. त्याची बातमी छापण्यास बंदी होती. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजीं देशांतील अनेक वृत्तपत्रांनीं अंकच काढले नाहींत. पुढें फेब्रुवारींत गांधीजींच्या उपोषणाच्या प्रसंगीं बापूजींनीं राजीनामा दिला. चिमूरचें चित्र मात्र कोणत्याही पडद्यावर आलें नाहीं. दोन हजार फुटांत त्या गांवास एक फूटही नव्हता.

इंग्रजी अंमल व नाझी अंमल एकाच तराजूनें तोलणारे लोक आम्हांस भेटतात. त्यांचें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. १० जून १९४२ रोजीं बोहेमियांतील लिडिसे गांवीं एका दिवसांत १७३ पुरुषांस रांगेनें गोळ्या घातल्या, आणि नंतर तेथील ८२ मुलें विषारी वायूनें मारलीं. याला जोड नाहीं. त्या लिडिसेवर हंफ्री जेनिंग्ज यानें १९४३ सालीं एक लहान चित्रपट केला, तो आम्हीं अलीकडे नातवाच्या यंत्रावर पाहिला. त्यानें वेल्समधील खाणकामगारांचें एक खेडें घेतलें, आणि तेथल्याच लोकांस सांगितलें कीं लिडिसे तुमचाच गांव आहे असें समजून वागा. जर्मन शिपाई त्यांत जवळजवळ दिसतच नाहीं. एक मोटार गांवांतून फिरते व तिच्यावरील भोंग्यांतून हुकूम ऐकूं येतात. सर्व युद्धचित्रांत हें आम्हांस श्रेष्ठ वाटतें. जिंकलेला देश त्यानें बाई केला नाहीं कीं पोर केला नाहीं. आपल्याच आळींतलीं माणसें त्या जागीं उभीं केलीं. वडिलांच्या मित्रानें अंधारांत एक शब्द ओरडून यापेक्षां निराळें काय केलें होतें?

दिवे लागले. हवालदार आंत आला. मित्र गर्दींतून निसटला, परंतु बातमी शाळेपर्यंत पोंचली. दुसऱ्या दिवशीं वडिलांस मुख्याध्यापकांनीं बोलावून विचारिलें कीं, तुझ्याशेजारीं कोण बसला होता? वडिलांनीं नांव सांगितलें. मित्राचें नांव पटावरून कमी झालें. मॅट्रिकची परीक्षा त्याला देतां आली नाहीं. शाळेचें नांव आम्ही लिहीत नाहीं.

ही हकीकत वडिलांनीं आम्हांस वयाच्या ८१ व्या वर्षीं सांगितली. त्याच वेळीं त्यांनीं आणखी एक सांगितलें. १९४५ सालीं त्याच सिनेमागृहांत बेल्सन येथील छळछावणीचीं चित्रें आलीं. प्रेतांचे ढीग, हाडांचे सांपळे झालेलीं जिवंत माणसें. प्रेक्षागृहांत कोणी तरी म्हणालें, सरकारचा हा नवा खेळ. आणि लोक हंसले. वडीलही हंसले. चिमूर लपविणारे बेल्सन खरें दाखवीत असतील, हें त्यांच्या मनास शिवलें नाहीं. पुढें खरें काय तें पुस्तकांतून कळलें. "मित्राचें नांव सांगितलें तें भीतीनें," वडील म्हणाले, "पण त्या प्रेतांस हंसलों, तें कशानें?" आम्ही निरुत्तर झालों. आम्हीं पस्तीस वर्षें मुलांस इतिहास शिकविला. फळ्यावरील खडूच्या नकाशावर जर्मनी काळा व बाकीचे देश पांढरे असें आम्हींही रंगवीत आलों होतों.

नातीनें दुसऱ्या दिवशीं चित्र पुन्हा काढावयास घेतलें. सुळे खोडले. शिपायाला साधें तोंड काढतांना तिची फार ओढाताण झाली. तीन वेळां कागद बदलला. शेवटीं तिनें त्याला पाठमोरा केला आणि पुढें कौलारू घरांचें एक गांव काढलें. तें पोलंड कीं चिमूर, हें आम्हीं विचारिलें नाहीं. रंग भरतां भरतां तिनेंच विचारिलें, "पणजोबांच्या त्या मित्राचें पुढें काय झालें?"

त्यानें बाजारांत किराण्याचें दुकान टाकलें आणि जन्मभर तेंच चालविलें. आमच्या घरापासून तें शंभर पावलांवर होतें. परंतु आमच्या घरीं वाणसामान नेहमीं दत्त चौकापलीकडून येत असे, आणि वडील शाळेंतून परततांना पावसांतही लांबच्या गल्लीनें वळून येत. लहानपणीं आम्हांस वाटे कीं, त्यांना चालण्याची आवड आहे.