गाय, हसी आणि माझा गुडघा

आपल्याला गुडघा आहे हे कबड्डीपटूला तो दुखावल्याशिवाय कळत नाही. मला ते गेल्या वर्षी चढाई करताना कळले. पाय जमिनीत रोवला, अंग वळले, गुडघा मात्र वळला नाही. आत ‘कट्’ असा आवाज झाला. ए.सी.एल. नावाचे लिगामेंट तुटले होते. शस्त्रक्रियेत मांडीच्या मागची कंडरा काढून त्याच्या जागी बसवली.

सहाव्या महिन्यात दुखणे थांबले. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढू लागलो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती आणि कप्तानाने माझे नाव घातले होते. तेवढ्यात ओल्या अंगणात पाय घसरला, गुडघा किंचित सुजला आणि डॉक्टरांनी एम.आर.आय. काढायला सांगितला. वडिलांनी काही न बोलता पैसे मोजून दिले.

रिपोर्ट दाखवायला आई बरोबर आली. आईचे माहेर चंदगडकडचे. तिचे कन्नड भाजीबाजारापुरते. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले असले तरी कन्नड मी गल्लीत खेळता खेळता शिकलो. त्यामुळे घरचा दुभाषी मीच.

डॉक्टरांनी काचेवर फिल्म लावली आणि कन्नडमध्ये समजावू लागले. एक्स-रेत हाड दिसते, लिगामेंट दिसत नाही. एम.आर.आय.चे चुंबकयंत्र शरीरातल्या पाण्याचे संकेत टिपते. घट्ट विणीचे निरोगी लिगामेंट त्यात काळे दिसते. माझ्या गुडघ्यातला नवा पट्टा अखंड होता, पण राखाडी होता. बसवलेल्या कंडरेत आधी नव्या रक्तवाहिन्या शिरतात, पेशी येतात, पाणी वाढते; मग हळूहळू तंतू आवळत जातात आणि पट्टा काळा होतो. त्याला वर्ष, कधी दोन वर्षे लागतात. शेवटी ते म्हणाले, “ओळगे गाय इन्नू हसी इदे. ईगले आट बेड.” म्हणजे आतली जखम अजून ओली आहे, इतक्यात खेळ नको.

मी आईला सांगितले, “सगळं ठीक आहे म्हणतात. खेळायला हरकत नाही.”

आई माझ्याकडे बघतच राहिली. “मग एवढा वेळ गायीचं काय सांगत होते? आणि हसतंय कोण?”

मला हसू फुटले आणि लगेच लाजही वाटली. जिला एक भाषा येत नाही, तिला मी दुसऱ्या भाषेत फसवत होतो. तिथेच, डॉक्टरांसमोर, सगळे खरे सांगितले. आई रागावली नाही. एवढेच म्हणाली, “पाय तुझा आहे बाबा. मला फसवून तो बरा होणार आहे का?”

मी डॉक्टरांना विचारले, “पट्टा काळा झाला की खेळू ना?” ते म्हणाले, चित्र एकटे निकाल देत नाही. मांडीची ताकद दुसऱ्या पायाशी ताडून पाहायची, एका पायावर उड्या मारून पाहायच्या. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच जास्त असतो.

आम्हा वाणिज्यवाल्यांना हे लवकर पटावे. ताळेबंद एका दिवसाची स्थिती दाखवतो. धंदा कसा चालला आहे हे कळायला नफातोटा पत्रकही लागते. मी तर दोन्ही न पाहता, केवळ गल्ल्यात खुळखुळ ऐकून, धंदा तेजीत आहे असे धरून चाललो होतो. दुखत नाही म्हणजे बरे झाले, हा माझा हिशेब चुकीचा होता.

स्पर्धा झाली. मी बाकावर बसून गुण लिहिले. आता दहावा महिना लागला आहे. पुढच्या आठवड्यात उड्यांची चाचणी आहे. आई बरोबर येणार आहे. तिचे कन्नड तेवढ्यापुरते सुधारले आहे. परवा भाकरी मध्येच कच्ची राहिली, तेव्हा तव्यावरून नजर न काढता ती म्हणाली, “थांब जरा. इन्नू हसी इदे.”