शेवटच्या विकेटपर्यंत

आम्ही गिरगावातल्या फणसवाडीत वाढत होतो तेव्हा क्रिकेटचा हिशेब सोपा होता. मुंबई जिंकायची आणि भारत हरायचा. दोन्ही बातम्या एकाच रेडिओवरून घरात यायच्या, पण ऐकणाऱ्यांचे चेहरे वेगळे असायचे. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षे रणजी करंडक मुंबईकडे होता. काकांच्या पिढीची मुंज, मॅट्रिक, पहिली नोकरी आणि काहींची लग्नेसुद्धा त्या १५ वर्षांत उरकली. मुंबई हरते म्हणजे काय, हे त्यांना ठाऊकच नव्हते. उलट भारताचा संघ परदेशी निघाला की आजोबा म्हणायचे, "डावाने नाही हरले म्हणजे मिळवली."

आम्ही म्हणजे साधारण १९६५ ते ७५ या काळात जन्मलेली चुलत आणि आतेभावंडे. दोन खोल्या, सामाईक गॅलरी, एक मोरी आणि सुट्टीत त्यात मावतील त्याहून जास्त पोरे. सकाळी व्यंकटेशाच्या देवळातली घंटा ऐकू यायची. नाक्यावरच्या विनय हेल्थ होमची मिसळ कुणाच्या तरी पगाराच्या दिवशी मिळायची. वाडीत अंडरआर्म चालायचे. चेंडू गॅलरीत गेला की बाद, काच फुटली की सगळेच बाद. हरलेल्या बाजूला चेंडूचे पैसे भरावे लागत, त्यामुळे हरण्याची किंमत आम्हाला फार लहानपणी कळली.

बेचाळीस मात्र आम्हाला वारशाने मिळाले. १९७१ मध्ये वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, दोन्ही जिंकून आला, तेव्हा विमानतळापासून ब्रेबर्नपर्यंत उघड्या गाड्यांतून मिरवणूक निघाली. घरातली झाडून सगळी माणसे ती बघायला गेली होती. तीन वर्षांनी, जून १९७४ मध्ये, लॉर्ड्सवर भारताचा दुसरा डाव ४२ धावांत आटोपला आणि मालिका ३-० अशी गेली. इंदूरला १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून एक भलीमोठी सिमेंटची बॅट उभारली होती, तिला लोकांनी काळे फासले. त्याच वर्षी वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले आणि त्यांनी खेळणे थांबवले. आमच्यातले मोठे तेव्हा जेमतेम शाळेत होते, धाकटे पाळण्यात. तरी हा सगळा वृत्तांत आम्हाला तोंडपाठ आहे, कारण पुढची १० वर्षे भारत कुठेही गडगडला की काका ४२ पासून सुरुवात करायचे.

काकांची जीभ तिखट. "बाहेरचा चेंडू छेडायला काय बायकोने सांगितलंय?" इथपासून सुरू व्हायचे ते थेट निवड समितीच्या कुळापर्यंत पोचायचे. पण हेच काका ठाकूरद्वारच्या नाक्यावर कुणी वाडेकरांना नावे ठेवली तर हमरीतुमरीवर येत. घरातला कायदाच तसा होता. आत वाट्टेल ते बोला, बाहेरच्याने बोललेले ऐकून घ्यायचे नाही.

त्या कायद्याची खरी रखवालदार आमची आत्या. तिला मैदानावर कधी कुणी नेले नव्हते, पण स्कोअर लिहायला ती कुठेतरी शिकली होती. जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर पट्टीने रेघा मारून, रेडिओला कान लावून ती प्रत्येक चेंडू टिपायची. तिचा दंडक एकच: पान अर्धवट सोडायचे नाही. भारत फॉलोऑनच्या छायेत असो की नऊ बाद होऊन शेवटची जोडी आंधळेपणाने बॅट फिरवत असो, पेन्सिल थांबत नसे. मुले कंटाळून खाली खेळायला निघाली की म्हणायची, "जा खुशाल. पण मग रात्री जेवताना कुणी कसा बाद झाला यावर तोंड उघडायचं नाही." बोलायचे असेल तर बसायला हवे, ही अट आमच्या अंगात इतकी भिनली की पुढे ऑफिसात आणि सभांतही ती कामाला आली.

मग १९८३ साल आले आणि हिशेब उलटला. २५ जूनच्या रात्री कपिल देवने विश्वचषक उचलला आणि वाडीत फटाके वाजले. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात बेन्सन अँड हेजेस स्पर्धाही जिंकली. भारत जिंकू लागला, टीव्ही घरोघरी आला, एक दिवसाच्या सामन्यांचे वेड लागले. आणि नेमकी त्याच सुमारास मुंबई हरू लागली. १९८४-८५ चा करंडक घेतल्यावर पुढचे ८ मोसम तो काही मुंबईकडे परतला नाही. बाहेर सगळे देशाच्या विजयात दंग होते, त्यामुळे मुंबईच्या पराभवाची दखल घ्यायलाही फारसे कुणी उरले नाही. रणजीची बातमी मराठी पेपरांच्या क्रीडापानांवर यायची. वि. वि. करमरकरांनी मराठी वाचकाला खेळाचे पान गंभीरपणे वाचायची सवय लावली होती, म्हणून निदान आमच्या घरात ती वाचली तरी जायची.

देशाच्या संघाने घाव घातले नाहीत असे नाही. १८ एप्रिल १९८६ ला शारजात मियाँदादने चेतन शर्माला शेवटच्या चेंडूवर षटकार मारला, तेव्हा अख्ख्या गॅलरीने चेतनच्या सात पिढ्या उद्धरल्या. आत्या एकटी म्हणाली, "तो चेंडू टाकायला आणखी कोण पुढे आलं होतं?" दीड वर्षाने नागपूरला त्याच चेतनने न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली, तेव्हा आत्याने पानावर त्या तीन विकेटांभोवती लाल पेन्सिलीने चौकट काढली. त्यानंतर पाचच दिवसांनी, ५ नोव्हेंबर १९८७ ला, वानखेडेवर उपांत्य सामना. इंग्लंडच्या २५४. गूचने स्वीप मारमारून ११५ केल्या. पोट बिघडल्यामुळे वेंगसरकर संघाबाहेर. आमच्याच पंचक्रोशीतल्या, चिखलवाडीच्या गावसकरचा ४ धावांवर त्रिफळा उडाला आणि भारत ३५ धावांनी हरला. गावसकरची ती शेवटची आंतरराष्ट्रीय खेळी. काका त्या रात्री काहीच बोलले नाहीत, आणि ते शिव्या देत नाहीत याचीच आम्हाला जास्त भीती वाटली.

पण आमच्या पिढीची खरी परीक्षा झाली ती मे १९९१ मध्ये, रणजीच्या अंतिम सामन्यात. समोर हरियाणा, आणि हरियाणाचा कप्तान कपिल देव. ज्याच्या नावाने आठ वर्षांपूर्वी वाडीत पेढे वाटले, तोच आता वानखेडेवर मुंबईच्या विरुद्ध उभा. गोलंदाजांत चेतन शर्माही होताच. हरियाणाच्या पहिल्या डावात ५२२, त्यात दीपक शर्माच्या १९९. मुंबई ४१०. रणजीचा अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाची आघाडी बघतात, म्हणजे मुंबईला जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते. शेवटच्या दिवशी, ७ मे रोजी, ३५५ धावा हव्या होत्या.

सुट्टीचे दिवस. निम्मे गिरगाव कोकणात गेलेले. उरलेले आम्ही ठाकूरद्वारहून क्वीन्स रोड गाठला आणि रुळांच्या कडेकडेने चालत वानखेडेवर पोचलो. ३ बाद ३४ झाले तेव्हा आमच्यातल्या एकाने घरी जाऊन जेवून येण्याचा प्रस्ताव मांडला. त्याला आत्याच्या नावाने गप्प बसवले. मग १८ वर्षांचा सचिन आणि ३५ वर्षांचा वेंगसरकर यांनी १३४ धावांची भागी केली. सचिनने ७५ चेंडूंत ९६ काढल्या. तो बाद झाला तरी वेंगसरकर उभाच होता. त्याच्या पायांत गोळे आले, लालचंद राजपूत त्याच्यासाठी धावायला आला, आणि समोरच्या टोकाला एकेक गडी गळत गेला. ९ बाद ३०५. शेवटचा गडी ॲबी कुरुविला. उंचापुरा वेगवान गोलंदाज, बॅटशी बेताचीच ओळख.

इथे शहाण्या माणसाने निघायला हवे होते. कुणी निघाले नाही. उलट चर्चगेटच्या कचेऱ्यांतून सुटलेली माणसे आत येतच होती. वेंगसरकरने षटकारांमागून षटकार मारले. ५० धावांचा डोंगर ३०, २०, १० असा खाली येत गेला. कुरुविलाने एखादा चेंडू नुसता थोपवला तरी शतक झाल्यासारख्या टाळ्या पडत होत्या. ३५२ झाल्या. तीन हव्या असताना एकेरी धाव चोरताना कुरुविला धावबाद झाला. मुंबई २ धावांनी हरली. वेंगसरकर नाबाद १३९, आणि भर मैदानात तो ढसाढसा रडला. कसोटीत १७ शतके ठोकलेला, लॉर्ड्सवर तीनदा शंभरी गाठलेला, सगळे 'कर्नल' म्हणत तो माणूस रणजीच्या पराभवासाठी रडत होता. त्या क्षणी आम्हाला मुंबईचा संघ जितका आपला वाटला, तितका तो एकाही विजयात वाटलेला नाही.

घरी आलो तर काका दारातच. "कुरुविलाला पळायला कुणी सांगितलं?" इथून त्यांची गाडी सुटली ती रात्री ११ ला थांबली. आत्याने पान पुरे केले, खाली तारीख घातली आणि पेन्सिलीला टोक केले. पुढचे दोन मोसमही कोरडेच गेले. १९९३-९४ मध्ये रवी शास्त्रीच्या कप्तानीखाली मुंबईने बंगालला हरवून करंडक परत आणला, तेव्हा वाडीत फटाके वाजले नाहीत. तोवर रणजीसाठी फटाके वाजवायची रीत संपली होती. आमच्या घरात मात्र शिरा झाला.

आमचा एक आतेभाऊ पुढे शिकागोला स्थायिक झाला. तिथल्या कब्ज या बेसबॉल संघाने १९०८ नंतर थेट २०१६ मध्ये विजेतेपद मिळवले. १०८ वर्षे, म्हणजे पणजोबांनी लावलेला लळा पणतूने फेडायचा. तो फोनवर म्हणाला, "इथे लोक हरण्यावर प्रेम करायला शिकलेत, आपल्याला ते कधी जमणार नाही." त्याचे खरे आहे. मुंबईच्या पाठीराख्याची निष्ठा गरिबाची नव्हे. वाडा गहाण पडलेल्या इनामदाराची आहे. तो हार सोसतो, पण तिला शरण जात नाही. मुंबईच्या क्रिकेटला खडूस म्हणतात. त्याचे चाहतेही खडूसच.

मात्र हा खडूसपणा कधी कधी उतू जातो, हेही आम्ही पाहिले. १९६९ मध्ये ब्रेबर्नवर वेंकटराघवनला बाद दिल्यावर प्रेक्षकांनी जाळपोळ केली, ते वडीलधाऱ्यांनी मान खाली घालून सांगितलेले. मार्च २००६ मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सचिन १ धावेवर बाद झाला आणि त्याच्याच गावच्या काही लोकांनी त्याची हुर्यो उडवली. २०२४ च्या आयपीएलमध्ये रोहितच्या जागी हार्दिक पंड्या मुंबई इंडियन्सचा कप्तान झाला, तर आपल्याच कप्तानाला वानखेडेने सामन्याआधीच हिणवले. तो मोसम मुंबईने तळाला संपवला. आणि ४ जुलैला, टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून संघ मरीन ड्राइव्हवरून आला, तेव्हा त्याच वानखेडेत हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. तीन महिन्यांत घोषणा फिरवणाऱ्याला चाहता म्हणता येईल, पाठीराखा नाही. काकांनी हार्दिकलाही सोडले नसते, पण घरात, आणि शेवटचा चेंडू पडल्यावर.

मुंबईने २०२३-२४ मध्ये आपला ४२ वा रणजी करंडक जिंकला, आणि पुढच्याच मोसमात नागपूरला उपांत्य सामन्यात विदर्भाकडून ८० धावांनी मात खाल्ली. पुढेही जिंकतील, पुढेही हरतील. रणजीच्या साखळी सामन्याला बहुतेक वेळा तिकीट नसते आणि बसायला जागाच जागा असते. मुंबईचे सहा-सात गडी बाद झालेले असतील अशा एखाद्या दुपारी मुलांना घेऊन तिथे जा, शेवटच्या विकेटपर्यंत बसा, आणि मग घरी येऊन संघाला काय हवे ते बोला. तो हक्क तुमचाच आहे.