दारात कोण येतं

गेल्या वर्षी मॉरिशसच्या आरोग्यसेवेवरचा एक लेख मी मराठीत आणत होते. बेटाचे पाच आरोग्य विभाग, प्रत्येकाचं एक मोठं रुग्णालय, त्याखाली क्षेत्रीय केंद्रं आणि वस्त्यांतले छोटे दवाखाने, अशी उतरंड. तिथवर अनुवाद सरळ चालला. अडला तो ‘सर्व्हेलन्स’पाशी.

मॉरिशसला १९७३मध्ये हिवतापमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. १९७५च्या चक्रीवादळानंतर हिवताप परतला, आणि त्याची स्थानिक लागण थांबायला १९९८ उजाडलं. डास मात्र आहेतच, आणि भारतातून विमानंही येतात. म्हणून हिवतापाच्या देशांतून आलेल्या प्रवाशांची नोंद होते, नंतर आरोग्य कर्मचारी घरी जाऊन ताप आला का विचारतात, रक्ताचा नमुना घेतात. बेटाला शेजारचा जिल्हा नसतो, मदत मागायची तर समुद्र ओलांडावा लागतो. तेव्हा सगळी भिस्त या घरी जाणाऱ्या माणसावर.

शब्दकोश म्हणतो, ‘पाळत’. पण पाळत पोलीस ठेवतात.

मराठी वाचकाला दारावरची तपासणी म्हटलं की १८९७चं पुणं आठवतं. प्लेगचे रोगी शोधायला रँडने गोरे सैनिक घरात घुसवले, आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. रोगी शोधणं गरजेचंच होतं. पण ते काम ज्यांच्या हाती दिलं, त्यांना बघून लोक रोगी लपवू लागले.

पुढच्याच वर्षी प्लेग बंगळूरला आला. इथे आरोग्य अधिकारी नेमला गेला, शहराचे चार वॉर्ड पाडले, कामात मेळ राहावा म्हणून टेलिफोनच्या तारा ओढल्या. दाटीतून लोकांना बाहेर काढायला ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतलं एक आमचं मल्लेश्वरम. आमच्या घरामागची सफाईची अरुंद गल्ली त्याच आखणीतली. इथले रस्ते म्हणजे एका साथीनंतरचा विचार आहे.

२०२०मध्ये आमच्या दारावर विलगीकरणाचा कागद चिकटला. सासूबाई बेळगावच्या, मानी. कागद लावणारा एक शब्द न बोलता निघून गेला. दोन दिवस त्यांनी अंगातला ताप आम्हालाही कळू दिला नाही. तिसऱ्या दिवशी मागच्या क्रॉसवरची आशाताई आली. गेटबाहेरूनच तिने कन्नडमध्ये विचारलं, “ऊट आयता, अम्मा?” जेवण झालं का? सासूबाईंनी जेवणाचं सांगता सांगता तापाचंही सांगून टाकलं. त्याच संध्याकाळी त्यांना रुग्णालयात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर परवडला नसता.

म्हणून मला आधी ‘विचारपूस’ लिहावंसं वाटलं. पण तो शब्द जास्तच गोड आहे. विचारपूस करणारा रक्त घेत नाही, सरकारी वहीत नाव लिहीत नाही. शेवटी ‘देखरेख’ ठेवलं. त्यात नजर आहे आणि जबाबदारीही.

संपादकांनी विचारलं, एका शब्दासाठी एवढा खल कशाला? आराखड्यात हे पद सगळ्यांत खालच्या चौकटीत असतं. आजारी माणसाच्या दारात मात्र सगळ्यांत आधी तेच पोहोचतं. त्याला काय म्हणायचं, यावर दार उघडणं अवलंबून असतं.